पुणतांब्याहून तुवालूकडे बघताना

आमच्या घराण्यात पीएचडी करणारी पहिली व्यक्ती म्हणजे माझ्या थोरल्या भावाची धाकटी मुलगी. तिचं नाव इथे लिहायचं नाही असा तिचा हुकूम आहे. नातेवाइकांना ते सांगायला नको आणि बाकीच्या मंडळींना नावाशी काय करायचंय! तिच्या संशोधनाचा विषय आहे हवामानबदलाचं नीतिशास्त्र आणि लहान बेटांचे देश. हे ऐकल्यावर आमच्याकडच्या बहुतेक लोकांचा चेहरा एकसारखाच होतो. मुलगी हुशार आहे, तिकडे दूर परदेशात विद्यापीठात आहे, सगळं खरं. पण पुणतांब्याच्या मुलीनं समुद्रातल्या बेटांवर का लिहावं? आमच्या गावात गोदावरी आहे, चांगदेव महाराजांची समाधी आहे, रेल्वेचं जंक्शन आहे. समुद्र नाही.

मी जन्मभर बँकेत शेतीकर्जाची कागदपत्रं तपासली. नीतिशास्त्र वगैरे माझा प्रांत नाही. पण तिनं पाठवलेली प्रकरणं गेले सहा-सात महिने वाचतोय, आणि माझं मत असं झालंय की हा विषय समजायला पुणतांब्याइतकी सोयीची जागा क्वचित सापडेल. का, ते जरा सविस्तर लिहितो. (सविस्तर म्हणजे लांब. चहा घेऊन बसा.)

आधी बेटांबद्दल. तुवालू नावाचा देश पॅसिफिक महासागरात आहे. नऊ बेटं, एकूण जमीन २६ चौरस किलोमीटर, माणसं साधारण अकरा हजार. म्हणजे आमच्या भागातलं एखादं मोठं बाजाराचं गाव. फक्त त्या गावाला स्वतःचा झेंडा आहे आणि संयुक्त राष्ट्रांत एक मत आहे. जमिनीची उंची समुद्रापासून सरासरी दोनेक मीटर. किरिबाटी, मार्शल बेटं, मालदीव यांची अवस्था थोड्याफार फरकानं तशीच. या देशांतून बाहेर पडणारा धूर जगाच्या हिशेबात एक टक्कासुद्धा भरत नाही. सगळ्या लहान बेटदेशांचा एकत्र केला तरी.

आपल्याला वाटतं की बेट बुडणार म्हणजे एके दिवशी पाणी वर येणार आणि संपलं. तसं होत नाही, आणि ही गोष्ट मला तिच्या लिखाणातूनच कळली. बेट बुडण्याच्या कितीतरी आधी विहीर खारट होते. या प्रवाळबेटांवर नद्या नाहीत, डोंगर नाहीत. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत राहतं. तेच पिण्याचं, त्यावरच अळकुड्यांसारखी कंदपिकं. समुद्र थोडा वर आला, एखादी मोठी लाट आत शिरली, की तो गोडा थर मचूळ होतो. मग जमीन दिसायला जागेवर असते, पण राहता येत नाही. हे आमच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला लागू नये. कालव्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं ऊस घेऊन क्षारपड झालेल्या जमिनी आपल्या भागानं पाहिल्यात. सातबाऱ्यावर एकर तेवढेच, आणि रानात पांढरा थर.

ही माणसं आज ओरडायला लागली असंही नाही. मालदीवचे तेव्हाचे अध्यक्ष गयूम यांनी १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हा प्रश्न मांडला. १९८९ मध्ये मालेत लहान देशांची परिषद झाली, १९९० मध्ये बेटदेशांचा संघ उभा राहिला. १९९१ साली जागतिक हवामान कराराच्या वाटाघाटी चालू असताना वानुआतूनं या संघाच्या वतीनं सुचवलं की समुद्र वर आल्यानं होणाऱ्या नुकसानीसाठी एक विमा-निधी काढा, श्रीमंत देशांनी त्यात पैसे भरा. साधी सूचना होती. तसा निधी काढायचं तत्त्वतः मान्य व्हायला २०२२ उजाडलं, इजिप्तमधल्या परिषदेत. एकतीस वर्षं! पुढच्या वर्षी दुबईत तो सुरू झाला तेव्हा जमा झालेली आश्वासनं होती सुमारे ७० कोटी डॉलरची. आश्वासनं, रोकड नव्हे. बँकेतल्या माणसाला हा फरक बरोबर कळतो.

आता देणं कोणाचं? इथे आमच्या दादाचं उत्तर तयार असतं. अमेरिकेचं. आणि दादा चुकीचं बोलत नाही. आपल्याकडच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रातून एक पुस्तिका काढली होती. अमेरिकेतल्या एका संस्थेनं तेव्हा असा हिशेब मांडला होता की तापमानवाढीच्या दोषात भारत-चीनचाही मोठा वाटा आहे. या दोघांनी तो हिशेबच उलटा केला. भाताच्या खाचरातून आणि गाईम्हशींमुळे निघणारा वायू आणि मोटारीतून निघणारा धूर एकाच पारड्यात कसा घालता? एक पोटासाठी आहे, दुसरा चैनीसाठी. आणि वातावरण जर सगळ्यांचं सामायिक असेल तर वाटणी माणशी व्हायला हवी, देशाच्या दांडगाईवर नव्हे. दोन वर्षांनी हेन्री शू नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं जवळपास हेच आपल्या भाषेत लिहिलं: जगण्यासाठीचं उत्सर्जन वेगळं आणि ऐषारामासाठीचं वेगळं. त्याचा निबंध आज जगभर शिकवतात. आपल्या दोघांची पुस्तिका आपल्याकडे किती महाविद्यालयांत शिकवतात, ते विचारू नका.

आकडे आजही त्यांच्याच बाजूनं आहेत. अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी १४ टनांच्या आसपास कर्बवायू सोडतो, जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आगेमागे, आणि भारतीय माणूस सुमारे २ टन. कोळसा-तेल जाळायला लागल्यापासूनचा एकूण साठा बघितला तर जवळपास पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा, आपला तीन-चार टक्के. आजही तेजल कानिटकर, टी. जयरामन यांच्यासारखे आपले अभ्यासक जागतिक अहवालांमधली भविष्याची गणितं तपासून दाखवतात की त्यांतही २०५० साली गरीब देशांनी कमीच ऊर्जा वापरावी असं निमूटपणे धरलेलं असतं. हे सगळं खरं आहे, आणि वारंवार सांगितलंच पाहिजे.

गोऱ्या देशांचा यावरचा एक आवडता युक्तिवाद आहे: आमच्या आजोबा-पणजोबांनी कोळसा जाळला, त्यांना काय माहीत होतं? आम्ही कसे देणं लागतो? या मुद्द्यावर नीतिशास्त्रवाल्यांनी पानंच्या पानं भरली आहेत. मला मात्र वाचताना सारखं वाटत होतं की यांनी एक दिवस तलाठ्याच्या कार्यालयात काढायला हवा होता. बाप वारला, मुलांनी वारसनोंद केली, की जमिनीबरोबर सातबाऱ्यावरचा बोजाही येतो. ‘कर्ज बापानं काढलं, मी सही केली नव्हती’ असं म्हणून जमीन घ्यायची आणि बोजा सोडायचा, हे चालत नाही. हां, वारसाला मिळालं त्यापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, हेही खरं. पण मिळालं तेवढ्यापुरतं तरी द्यावंच लागतं. ब्रिटन-अमेरिकेतल्या आजच्या नागरिकाला रस्ते, कारखाने, विद्यापीठं, बँकेतली शिल्लक वारशानं मिळाली आहे. तिच्यावरचा बोजा हा. आणि ‘माहीत नव्हतं’ ही सबबही फार लांब नेता येत नाही, कारण माणसानं आजवर हवेत सोडलेल्या कर्बवायूचा साधारण अर्धा भाग १९९० नंतरचा आहे, म्हणजे जगभरच्या शास्त्रज्ञांचा पहिला मोठा अहवाल आल्यानंतरचा!

इथपर्यंत दादा, मी आणि पुतणी एकमतानं चाललो होतो. पुढे वाट फुटते.

तिच्या प्रबंधाचं एक प्रकरण भारतावर आहे. त्यात ती विचारते की आपण बेटांचे सहकारी आहोत, की त्यांच्या वरच्या अंगाला बसलेले? ते वाचून घरात जे झालं ते लिहीत नाही. ‘तू तिकडं शिकायला गेली का त्यांची वकिली करायला?’ हे त्यातलं सर्वांत सौम्य वाक्य. पण मला तो प्रश्न वाचल्या वाचल्या कळला, कारण ‘वरच्या अंगाला’ हा शब्द आमच्या तालुक्यात कोणालाही झोपेतून उठवून विचारला तरी कळेल.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोदावरीवर नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरला बंधारा आहे. तिथून इंग्रजांच्या काळातले डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. दारणा वगैरे धरणांचं पाणी त्या कालव्यांतून कोपरगाव, राहात्याकडे येतं. वाटेत नाशिक वाढलं, द्राक्षं वाढली, कारखाने वाढले. आवर्तन लांबलं, कमी झालं, की पहिली झळ टेलच्या शेतकऱ्याला. टेल म्हणजे कालव्याचं शेपूट. शेपटाकडे राहणाऱ्या माणसाचा स्वभावच वेगळा होतो. तो कायम वर बघत असतो, कायम मोजत असतो, आणि वरच्यानं आपलं पाणी खाल्लं यावर त्याचा ठाम विश्वास असतो. बऱ्याचदा तो बरोबरही असतो.

पण तीच गोदावरी पुणतांब्यावरून पुढे पैठणला जाते. तिथे जायकवाडी. आणि जायकवाडीच्या पलीकडे मराठवाडा, ज्याच्या दृष्टीनं आम्ही वरचे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात असं तत्त्व घातलं गेलं की खोऱ्यात टंचाई असेल तर ती सगळ्यांनी वाटून घ्यायची. त्यावर मेंढीगिरी समिती बसली, २०१४ मध्ये प्राधिकरणाचा आदेश आला, २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं तो उचलून धरला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असा त्याचा गाभा. त्या आकड्यावरून पुढेही भांडणं चालू राहिली. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला तेव्हा नाशिक-नगरच्या धरणांतून साडेआठ टीएमसीच्या वर पाणी सोडायचा आदेश निघाला. नाशिककडून सुटणारं पाणी गोदावरीतून जातं, म्हणजे आमच्या घाटासमोरूनच. असं पाणी जाताना बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, नदीकाठच्या मोटारींची वीज तोडतात. डोळ्यांदेखत पाणी वाहतंय, पेरूची बाग सुकतेय आणि मोटार चालू करायची नाही. तेव्हा लोक काय बोलतात ते सगळं छापण्यासारखं नसतं.

मी तेव्हा गावातली बोलणी ऐकली आहेत. आम्ही काय चोर आहोत का? आमचे कालवे जायकवाडीच्या आधीचे आहेत. आम्ही गरीब शेतकरी, आमच्या वाट्याला माणशी येतं किती? त्यांच्याकडेही ऊस आहेच की. आधी नाशिकला विचारा. यातला एकही मुद्दा खोटा नाही. आणि गंमत बघा, यातला प्रत्येक मुद्दा आपला देश जागतिक परिषदेत मांडतो. आम्ही नंतर आलो, आम्ही गरीब, माणशी मोजा, आधी अमेरिकेला विचारा. अमेरिकेसमोर उभं राहून बोलताना हे टेलच्या शेतकऱ्याचं बोलणं असतं, आणि म्हणून न्याय्य असतं. पण समोर तुवालूचा माणूस असेल तर? तेच वाक्य तेवढ्याच सुरात वरच्या अंगाच्या माणसाचं होऊन जातं. वाक्य बदललेलं नसतं, आपण उभे असतो ती जागा बदललेली असते.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत अगदी शेवटच्या तासाला भारताच्या मंत्र्यांनी मसुद्यातला कोळशाबद्दलचा शब्द बदलून घेतला. कोळसा ‘संपवण्या’ऐवजी ‘कमी करण्या’चं आलं. चीनचाही त्याला पाठिंबा होता. आपली बाजू अशी होती की फक्त कोळशावरच का घसरता, तुमच्या तेलाचं आणि वायूचं काय? चोख प्रश्न होता, आणि पुढच्या वर्षी आपण सगळ्याच इंधनांचा उल्लेख करा अशी मागणी केली, तीही योग्यच. पण त्या रात्री सभागृहात सर्वांत दुखावलेली माणसं वॉशिंग्टनची नव्हती. मार्शल बेटं आणि फिजीची होती. आपल्या वर्तमानपत्रांत ‘भारतानं पाश्चात्त्यांना नमवलं’ अशा थाटाचं बरंच आलं. नमलं कोण, हे नीट बघायला हवं होतं.

पुढे तर प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. ते कसं गेलं हे सांगण्यासारखं आहे. २०१९ मध्ये दक्षिण पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांना वर्गात अशी कल्पना सुचली की हेगच्या न्यायालयाचंच मत मागू या. त्यांनी आपापल्या सरकारांना पत्रं लिहिली. वानुआतूनं ती उचलली. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठराव झाला आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयानं एकमतानं मत दिलं की हवामान सांभाळणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, ते मोडणं हे आंतरराष्ट्रीय कायद्यानं चूक आहे, आणि नुकसानीशी संबंध सिद्ध झाला तर भरपाईही द्यावी लागू शकते. जमीन पाण्याखाली गेली म्हणून देश आपोआप नाहीसा होतो असं नाही, हेही त्यात आहे. मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, हुकूमनामा नाही. तरी कमी नाही.

हे वाचताना मला २०१७ चं पुणतांबं आठवल्याशिवाय कसं राहील! एप्रिलमध्ये ग्रामसभेनं ठरवलं की शेतकऱ्यांनी संपावर जायचं. लोक हसले, शेतकरी कसा संपावर जाणार? १ जूनला संप सुरू झाला, शहरांचं दूध-भाजी अडली, आणि त्याच महिन्यात सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. त्या कर्जमाफीचं पुढे काय झालं, फॉर्म ऑनलाइन भरताना लोकांचे काय हाल झाले, तो वेगळा आणि कडू विषय आहे. पण आपलं वजन काही नाही हे पक्कं माहीत असलेल्या माणसांनी एकत्र बसून एक प्रश्न असा विचारला की मोठ्यांना उत्तर द्यावंच लागलं, एवढं तर झालं. म्हणून मला वाटतं, तुवालू-वानुआतूकडे पाहून आमच्या गावानं तरी ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणू नये.

त्या हेगच्या सुनावणीत डिसेंबर २०२४ मध्ये भारतही बोलला. सार असं की श्रीमंत देशांनी वातावरण वापरून टाकलं आणि दिलेली वचनं पाळली नाहीत, पण न्यायालयानं सध्याच्या करारांपलीकडे नवीन बंधनं घालू नयेत. पहिला भाग टेलचा, दुसरा वरच्या अंगाचा! एकाच भाषणात दोन्ही. मला आमचे चांगदेव आठवले. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायना अडला. वयानं लहान म्हणून चिरंजीव म्हणावं, तर ज्ञानानं मोठे. तीर्थरूप म्हणावं, तर वय आडवं येतं. शेवटी कोरा कागदच पाठवला म्हणतात. आपल्या परराष्ट्र खात्याचं बेटदेशांशी असंच होत असावं. धाकटे म्हणून लिहायचं की थोरले म्हणून, हेच ठरत नाही. चांगदेवांच्या निदान लक्षात तरी आलं होतं की मायना अडतोय.

(चांगदेव चौदाशे वर्षं जगले ही आख्यायिका आम्ही लहानपणी हसत हसत ऐकायचो. पुतणीच्या प्रबंधात वाचलं की आज सोडलेल्या कर्बवायूचा काही भाग हजार वर्षांनंतरही हवेत असतो. तेव्हापासून ते चौदाशे वर्षं फार वाटत नाहीत.)

मग करायचं काय? इथे माझं आणि तिचं थोडं जमत नाही. तिचं म्हणणं की भारतानं बेटांसाठीच्या निधीत आपणहून पैसे घालावेत, थोडे का होईनात. मला त्यात एक धोका दिसतो. मधल्यानं खिशात हात घातला की वरचा म्हणतो, बघा, सगळेच देणेकरी आहेत, मग माझ्याकडेच का बघता? वसुलीत मी हे शंभरदा पाहिलंय. मोठा थकबाकीदार नेहमी छोट्या थकबाकीदारांच्या गर्दीत उभा राहतो. पॅरिसच्या २०१५ च्या निर्णयात नुकसानीच्या कलमाखाली कोणाची भरपाईची जबाबदारी निघत नाही, असं एक वाक्य श्रीमंत देशांनी आधीच घालून ठेवलंय. तेव्हा आपण दिलं तर ते मदत म्हणून, शेजारधर्म म्हणून द्यावं, पण पहिला हप्ता वरच्याचाच, यावरून हटू नये.

शेजारधर्माचं म्हणाल तर तो आपण पाळलेलाही आहे. डिसेंबर २०१४ मध्ये मालेतला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आग लागून बंद पडला, तेव्हा भारतानं विमानांनी आणि जहाजांनी पिण्याचं पाणी पोचवलं. दीड वर्षानं मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. आपला देश बेटाला पाणी देणाराही आहे आणि स्वतःच्या जिल्ह्याला वाघिणींतून पाणी पाजणाराही. दोन्ही एकदम.

पण ‘माणशी दोन टन’ या आकड्यामागे आपण जे लपतो, त्यावर मात्र मी पूर्णपणे पुतणीच्या बाजूनं आहे. ग्रीनपीसच्या भारतीय शाखेनं २००७ मध्ये एक अहवाल काढला होता, त्याचा रोखच असा होता की भारतातले श्रीमंत गरिबांच्या आड लपतात. सरासरी कोणाच्या जिवावर कमी आहे? पुणतांब्याच्या वस्तीवरच्या शेतमजूर बाईच्या. तिच्या घरात दोन दिवे, एक पंखा, आणि भर उन्हात खुरपणी. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत माणशी एक गाडी, खोलीगणिक एसी, आणि वर्षातून एकदा विमानानं सहल. (हो, मालदीवलासुद्धा. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, नावं घेत नाही.) अमेरिकेसमोर आपण त्या बाईला पुढे उभं करतो. हरकत नाही, तिचा हक्क आहेच. पण तिच्या नावानं मिळालेली सवलत वापरतो कोण? समन्यायी वाटपातही हेच होतं. पाणी सोडायची वेळ आली की भाषणात गरीब शेतकरी येतो, आणि पाणी ज्याच्या शेततळ्यात साठलेलं असतं तो मांडवात मागे बसलेला असतो.

आमच्या पाटबंधाऱ्यात एक शब्द आहे: टेल टू हेड. आवर्तन सुटलं की आधी शेपटाचं भिजवायचं आणि मग वर वर सरकत यायचं. कारण वरच्याला पाणी आपोआप मिळतंच, त्याच्या दारावरूनच जातं. नियम चांगला आहे, पाळला जातो तेवढाच जातो. नाशिक जिल्ह्यात ओझरकडे वाघाड धरणावरच्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या, त्याही टेलच्या लोकांनीच आधी, नव्वदच्या सुमाराला, आणि पाणी मोजून घेण्यापर्यंत मजल मारली. हवामानाच्या पैशाला हा नियम लावून बघा, असं मी तिला सुचवलं. आज हा पैसा हेडलाच जिरतो. ज्या देशाकडे प्रकल्पाचे कागद करायला सल्लागार आहेत, त्याला आधी मिळतो. अकरा हजार माणसांच्या देशात अर्ज भरणारी माणसंच किती असणार? मिळणारा प्रत्येक रुपया आधी तुवालूला, मालदीवला, मग आफ्रिकेतल्या कोरड्या भागाला, आणि मग वर सरकत आपल्याकडे. यात आपला नंबर खूप मागे लागतो याची मला कल्पना आहे. तिनं हे तळटिपेत घेतलंय. मुख्य मजकुरात का नाही, तर म्हणे त्याला आधार म्हणून दाखवायला छापील निबंध लागतो. असो.

बेटांवरची माणसं दरम्यान थांबलेली नाहीत. किरिबाटीनं २०१४ मध्ये फिजीत साडेपाच हजार एकरांच्या आसपास जमीन विकत घेतली. देशानं दुसऱ्या देशात जमीन विकत घ्यायची, पोरांना कुठे तरी पाय ठेवायला जागा असावी म्हणून! तुवालूनं २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार केला. आता दरवर्षी २८० जणांना तिकडे कायमचं जाता येतं. २०२५ मध्ये पहिली सोडत निघाली तेव्हा देशातल्या बहुसंख्य लोकांची नावं अर्जांत होती. दर वर्षी २८० म्हणजे एक पिढीभरात गाव रिकामं. मला जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेली गावं आठवतात. त्यांना निदान महाराष्ट्रातच दुसरीकडे जागा मिळाली, भाषा तीच, ग्रामदैवत नव्यानं बसवता आलं. तिथे देशच उठणार. भाषा कुठे जाणार, कबरी कुठे जाणार? या प्रश्नाला भरपाईचा आकडा काय लावायचा, यावर तिचं सर्वांत चांगलं प्रकरण आहे. आकडा लावता येत नाही, आणि म्हणून शून्य लावणं हे तर अगदीच अन्यायाचं, असं ती म्हणते.

आणि ज्यांना अजूनही वाटतंय की बेटं म्हणजे कोणीतरी दूरचे, त्यांच्यासाठी एक शेवटची गोष्ट. मॉरिशस हाही लहान बेटदेशांच्या यादीतलाच एक देश आहे. १८३४ पासून तिथे उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये नेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आज तिथे आहेत, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते, आणि विसर्जन समुद्रात होतं. तो डोंगराळ देश आहे, तुवालूसारखा सपाट नाही, त्यामुळे लगेच बुडणार वगैरे नाही. पण किनारे खचतायत, प्रवाळ मरतायत, आणि मार्च २०१३ मध्ये पोर्ट लुईत तासा-दोन तासांच्या पावसानं आलेल्या पुरात अकरा माणसं गेली. उसावर उभा राहिलेला तो मुलूख. चांगदेव शुगर मिलचं भोंग्याचं वेळापत्रक ज्यांनी ऐकलंय त्या आमच्या पिढीला तिथला मळा परका वाटू नये.

पुतणी येत्या हिवाळ्यात तिथे दोन महिने राहणार आहे. किनाऱ्यालगतच्या मराठी घरांतल्या वयस्क माणसांशी बोलायचंय, विसर्जनाची जागा त्यांच्या हयातीत किती मागे सरली ते विचारायचंय. त्यांच्याशी मराठीत बोलता येईल की क्रिओल शिकावी लागेल, याची सध्या तिला काळजी आहे. मी म्हटलं दोन्हीची तयारी ठेव, आणि जाताना वहिनींच्या हातचे तिळाचे लाडू घेऊन जा, विमानतळावर अडवत नाहीत.